किती वळसे?

सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधींचं एक जुन्या वळणाचं दुकान आहे. शनिवारी दुपारी तिथं गिऱ्हाईक कमी असतं आणि बोलणं जास्त. दुकान अण्णांचं. भिंतीला लाकडी खण, खणांवर पुसट झालेली नावं : मुरुडशेंग, डिकेमाली, काकडशिंगी, वावडिंग. समोरच्या स्टुलावर ज्या बाई बसलेल्या असतात, त्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. कुणालाही वाटेल की अण्णा झाडपाल्याची बाजू लढवत असतील आणि बाई गोळ्यांची. तसं असतं तर मी तिथं फार वेळ थांबलो नसतो. तो वाद व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचायला मिळतो. इथं दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवतो आणि औषधशास्त्राच्या बाई आल्याच्या रसाची तरफदारी करतात. अशाच एका दुपारचं बोलणं खाली दिलं आहे. पाल्हाळ थोडं गाळलं आहे, सगळं नाही.

अण्णा : सकाळी एक जण आला. पाव किलो गुळवेल द्या म्हणाला. म्हटलं, घरात ताप आहे का कुणाला? नाही. मग? म्हणे, सगळ्यांना रोज सकाळी काढा देणार, इम्युनिटीसाठी. वर्षभर. त्याला म्हटलं, वैद्यांची चिठ्ठी आण. गेला तणतणत.

बाई : तुमचाच माल आणि तुमचाच त्यावर भरवसा नाही!

अण्णा : भरवसा आहे म्हणून तर नाही दिली. ज्याच्यात काही करायचा दम आहे, त्याच्यात बिघडवायचाही दम असणार. माझ्या वडिलांच्या वेळी गुळवेल तापकऱ्याला जायची. ताप उतरला की बंद. धडधाकट माणसानं बारा महिने प्यायची वस्तू ती कधी नव्हती. हे सगळं करोनात आलं बघा. तेव्हा या दारात रांग लागली होती. एकेक जण सुंठ, मिरी, दालचिनी, गुळवेल, सगळं एकत्र उकळून दिवसातनं चार-चार वेळा प्यायचा आणि मग तोंड आलं, पोटात आग पडली म्हणून परत इथंच यायचा.

बाई : तोंड येणं परवडलं. मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात ६ रुग्ण आले, यकृताला सूज, आणि सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, गुळवेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ जणांची नोंद प्रसिद्ध केली. काहींच्या अंगात स्वतःच्याच यकृतावर उलटणारा प्रतिकारशक्तीचा बिघाड आधीपासून दबून असावा आणि गुळवेलीनं तो जागा केला, असा त्यांचा कयास. म्हणजे जी इम्युनिटी वाढवायला लोक ती पीत होते...

अण्णा : तीच उलटली. पण आयुष मंत्रालयानं तेव्हा म्हटलं होतं ना, की ती खरी गुळवेल नव्हे, दिसायला तशीच दुसरी वेल असेल?

बाई : म्हटलं होतं. तुम्ही सांगा, तुम्हाला ओळखू येते?

अण्णा : ओली असली, पान असलं, तर येते. वाळकी कांडी पोत्यात भरून आली की सरावलेला डोळा लागतो, आणि पावडर आली तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून मी पावडर ठेवत नाही. पण बाई, दुसरी वेल होती असं धरलं तरी दोष माझ्या धंद्याकडंच येतो की. आम्ही काय विकतो ते आम्हालाच ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ.

बाई : हे तुम्ही बोललात म्हणून बरं. मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, बाई औषध कंपन्यांच्या. पण माझी तक्रार वेगळी आहे, अण्णा. तुम्ही भीती फार घालता. परवा त्या शेजारणीला ज्येष्ठमधाची कांडी द्यायला तुम्ही का कू केलीत. घसा बसलाय, चार दिवस चघळेल बिचारी.

अण्णा : तिला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. मीच विचारलं म्हणून कळलं. आमच्याकडं हार्मोनियम वाजवणारे एक जण यायचे, महिनोन्‌महिने ज्येष्ठमध तोंडात. एकदा पाय सुजलेले बघितले मी त्यांचे.

बाई : हं. तिथं तुमचं बरोबर आहे. ज्येष्ठमधातला गोड भाग शरीरातल्या एका वितंचकाला अडवतो, मग कॉर्टिसॉल नको तिथं काम करायला लागतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, दाब वर जातो. मी हे दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवायची आणि दर वर्षी पोरं विचारायची की मॅडम, पण ते तर नॅचरल आहे ना!

अण्णा : अफूही नॅचरलच.

(बाई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. माझ्या मते त्या दिवसाचा खरा वाद इथून पुढे सुरू झाला.)

बाई : आता माझं ऐका. सर्दी विषाणूची असते, आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. नंतरचा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. अँटिबायोटिकचा तिथं काडीचा उपयोग नाही. तरी माणूस दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये जाऊन ‘तीन दिवसांच्या गोळ्या द्या’ म्हणतो, आणि त्या मिळतातही. याच सवयीनं आपण चांगली चांगली औषधं बोथट करून बसलोय. अशा माणसाला मी म्हणते, आल्याचा रस आणि मध घे, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, मऊ भात खा आणि लोळत पड. तुम्ही त्यालाही हजार प्रश्न विचारत बसलात तर तो बिचारा परत गोळ्यांकडेच जाणार.

अण्णा : म्हणजे त्यानं काही होत नाही, म्हणून घ्यायचं?

बाई : मधानं थोडं होतं. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर रीतसर चाचण्या झाल्यात, ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही मध आहे. वर्षाच्या आतल्या मुलाला मात्र बोटभरही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात. गुळण्यांनी घशाला आराम पडतो. वाफाऱ्यानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मुलांना तो देऊ नये. पातेलं लवंडून भाजलेली मुलं कॅज्युअल्टीत बघितली आहेत मी. बाकी राहिला वेळ. घरातल्या औषधाचं मुख्य काम वेळ काढणं. आजार आपल्या पायांनी जाईपर्यंत माणसाला काहीतरी करायला देणं, आणि ते करताना त्याला इजा न होणं. एवढं ज्याला जमलं त्या उपायाला मी नावं ठेवणार नाही.

अण्णा : वेळ काढता काढता वेळ हातची जाते, त्याचं काय? आमच्या दुकानात एके काळी आघाड्याची मुळी न्यायला लोक पळत यायचे. विंचवाला. उगाळून लावायची, शिवाय मांत्रिक असायचाच. आणि उतरायचा हो विंचू! दहातल्या आठ-नऊ जणांचा उतरायचा.

बाई : कारण दहातल्या आठ-नऊ जणांना नुसती ठणक असते, ती रात्रभरानं ओसरतेच. मुळी लावा, मंत्र म्हणा, नाहीतर भिंतीकडे बघत बसा. उरलेल्या एकाचं काय व्हायचं?

अण्णा : मरायचा. मग लोक म्हणायचे, याला उशिरा आणला.

बाई : कोकणातल्या लाल विंचवाचं विष अंगात वादळ उठवतं. दरदरून घाम, हातपाय गार, दाब भलता वाढतो, मग हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी दवाखान्यात होते, त्यांनी ही माणसं तासन्‌तास बिछान्याशी बसून बघितली, टिपणं ठेवली आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. ऐंशीच्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते लिहिलं. गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली त्यांना. पण माझा मुद्दा पद्मश्रीचा नाही. बावस्करांनी सगळ्यांत आधी काय केलं, तर कोण आपोआप बरा होणार आणि कोण नाही, हे वेगळं काढलं. मांत्रिकाला ते कधी काढता आलं नाही. आपोआप बरे होणारे सगळे त्याच्या खात्यात जमा व्हायचे.

अण्णा : आणि सर्दीवाले सगळे तुमच्या आल्याच्या खात्यात?

बाई : (थोडं थांबून) हो. म्हणूनच तर म्हणते, सर्दीला आलं चालेल आणि विंचवाला आघाडा चालणार नाही. दोन्ही उपाय तितकेच कमजोर असू शकतात. फरक आजारात आहे.

(हा मुद्दा मला वाचकानं दोनदा वाचावा असा वाटतो. घरगुती उपायांच्या बाजूनं बोलणारे झाडपाल्याचे गुण सांगतात, विरोधात बोलणारे त्याचे दोष. आजार कुठला, आणि तो थांबायला किती वेळ देतो, हे कुणी फारसं सांगत नाही.)

अण्णा : गांधीजींचं कसं होतं? ते तर मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नानवाले.

बाई : होते. ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांना त्यांनी काय काय म्हटलंय ते वाचा एकदा. १९०९ सालचं पुस्तक. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं तेव्हा ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांच्या सुरीखाली गेलेच की. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया उरकावी लागली, अशी नोंद आहे. आणि तरीही १९४६ साली त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र काढलंच.

अण्णा : याला तुम्ही ढोंग म्हणाल.

बाई : मुळीच नाही. पोट बिघडलं तर मातीची पट्टी, अपेंडिक्स सुजलं तर मॅडॉक. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. त्यांना स्वतःला काय वाटलं ते वेगळं. आणि उरुळीला त्यांना गाव स्वच्छ करायचं होतं, गरिबाला परवडेल असं आरोग्य हवं होतं. तिथं मागं राहिलेल्या मणिभाई देसाईंनी पुढे गाई, चारा, फळबागा यांत आयुष्य घातलं. गावात दूध वाढलं तर कितीतरी दुखणी कमी होतात, हा निसर्गोपचारच आहे एका अर्थी. काढ्यापेक्षा मोठा.

अण्णा : बरं, आता हळदीवर या. हळदीला नावं ठेवाल तर सांगलीत राहू देणार नाहीत.

(हळदीवर अण्णा अर्धा तास बोलले. मी थोडक्यात देतो. सांगली हा हळदीचा मोठा बाजार, २०१८ पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन. पलीकडे हरिपूरला जमिनीत खणलेली खोल पेवं असत, त्यांत हळकुंडं वर्षानुवर्षं टिकत. पेवात उतरण्याआधी आतली कोंदलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं गेली. काढलेली हळद शिजवायची, वाळवायची, मग फिरत्या पिंपात घालून पॉलिश करायची. झळाळी आणायला काही लबाड लोक शिसं असलेला पिवळा रंग चोळतात, तो मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून अण्णांचा आग्रह : हळद पावडर घेऊ नका, हळकुंड घ्या, मोडून बघा, आत-बाहेर रंगात फार फरक दिसला तर परत करा.)

बाई : हळदीला मी नावं ठेवत नाही. आमटीत घाला, जखमेवर दाबा, दुधातून प्या. तिच्यातलं जे करक्युमिन म्हणतात ते हळदीत शंभरात तीनेक भाग असतं आणि आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. म्हणून तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ती खाऊन सुखरूप आहोत.

अण्णा : मिरी घातली की जातं म्हणतात.

बाई : जातं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं, मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात करक्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढतं. झालं, कंपन्यांनी अर्क काढला, मिरीचा अर्क मिसळला, कॅप्सूल भरली आणि वर हळकुंडाचं चित्र छापलं. आता अमेरिकेत आणि इटलीत या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येतायत. शोषण वाढवलं की परिणाम वाढणार, तसा अपायही वाढणार. आमच्या शास्त्रातला पहिला धडा. चित्र हळकुंडाचं असलं तरी आतली वस्तू तुमच्या आईनं दुधात घातलेली हळद नव्हे.

अण्णा : पण ती पेटंटची लढाई आपण जिंकली ना. माशेलकरांनी.

बाई : जिंकली, आणि अभिमान वाटावा अशीच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळदीचं पेटंट मिळालं, माशेलकरांच्या सीएसआयआरनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे केला, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण अण्णा, त्या खटल्यात सिद्ध काय झालं? हळद लावायची कल्पना नवी नाही, एवढंच. हळदीनं जखम भरते की नाही, हा प्रश्न तिथं कुणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे मात्र भाषणांत सांगतात की हळदीचे गुण अमेरिकेनं मान्य केले.

अण्णा : तुम्ही असं बोलता आणि मग लोक तुम्हाला आयुर्वेदाच्या विरोधातल्या समजतात.

बाई : समजू देत. सर्पगंधेचं नाव काढा, मग बघा मी किती बाजूनं बोलते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधा देऊन नीट निरीक्षणं मांडली, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये. त्यानंतर जगानं सर्पगंधेतलं रेसर्पिन वापरलं. दाबाला खरोखर खाली आणणारं ते सुरुवातीच्या औषधांपैकी एक. आणि मग कळलं की त्यानं काहींना खोल उदासी येते. दोन्ही गोष्टी खऱ्या.

अण्णा : सर्पगंधा मी ठेवत नाही. जंगलातनं इतकी उपटली की आता संरक्षित यादीत आहे. शिवाय मागणारा कशासाठी मागतोय ते कळत नाही. काही न्यायचंच असेल तर ईसबगोल न्या म्हणतो मी, सिद्धपूरचं आहे, आणि बरोबर दोन पेले पाणी प्या.

बाई : ईसबगोलावर आपलं एकमत. ते सोडून द्या.

(इथं चहा आला. अण्णांनी आलं घातलंय का विचारलं, बाईंनी साखर कमी घातलीय का विचारलं.)

बाई : खरं सांगू, घरातल्या घरात होणाऱ्या उपायांत मला सगळ्यांत मोठा वाटतो तो मीठ-साखर-पाणी. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते. बंगालात बनगावला छावणीत कॉलरा लागला. सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याची पाकिटं भरून घेतली, पिंपात कालवली आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. मरणाचं प्रमाण तीसेक टक्के होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यातलं दार साखर आणि मीठ जोडीनं आलं तरच उघडतं, आणि मग पाणी मागोमाग आत येतं. म्हणून नुसतं मीठ नको, नुसती साखर नको.

अण्णा : आमच्याकडं जुलाबाला भाताची पेज द्यायचे, चिमूटभर मीठ टाकून.

बाई : तीही चालते, तांदळातल्या पिष्टाची साखरच होते. पण ‘चिमूटभर’ इथं धोक्याचं. एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर तान्ह्याला झटके येऊ शकतात. जमलं तर मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीटच आणा, पूर्ण एक लिटरमध्ये विरघळवा. अर्ध्या पेल्यात पाकीट ओतणाऱ्या आया मी बघितल्यात. घरातली वस्तू आहे म्हणून अंदाजानं घ्यायची, ही आपली खोड.

अण्णा : ही खोड नवी, बाई. जुनी नव्हे. आता मी बोलतो. बाळगुटी बघा. सहाणेवर दूध घ्यायचं आणि एकेक मुळी उगाळायची. मुरुडशेंगेचे इतके वळसे, हळकुंडाचे इतके, जायफळाचा अर्धाच, वेखंडाचा अर्धा. मूल महिन्याचं असेल तर एकेक, पुढं महिन्यागणिक वाढवायचे. बाळाला शी घट्ट झाली तर हिरड्याचा एक वळसा जास्त, पातळ झाली तर तो बंद आणि मुरुडशेंग. माझी आजी वळसे मोजताना कुणाशी बोलायची नाही. याला मात्रा नाही म्हणाल?

बाई : म्हणणार नाही. माप होतं, आणि वयाप्रमाणे बदलणारं माप होतं. आजी हुशार होत्या.

अण्णा : आता काय झालंय? सगळ्याची पावडर करून, मधात कालवून बाटलीत विकतात. वर लिहिलंय, ‘अर्धा चमचा’. महिन्याच्या पोराला अर्धा चमचा, सहा महिन्यांच्यालाही अर्धा. वळसे गेले, नाव तेवढं राहिलं.

बाई : आणि त्यात मध! तान्ह्याला! अण्णा, इथं मी तुमच्या बाजूला येते म्हणाल तर येत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. तुमची सहाण किती स्वच्छ आहे, मुळी कुठल्या पोत्यातली आहे, कुणाला माहीत? आणि वेखंड तर काढाच. त्यातल्या असारोननं उंदरांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ सालीच खाण्यात वेखंड घालायला बंदी केली. आणि आपल्या भारतीय वेखंडात ते सगळ्यांत जास्त असतं.

अण्णा : अर्ध्या वळशात?

बाई : अर्ध्या वळशानं काय होतं ते कुणी मोजलेलं नाही. मोजलेलं नाही म्हणून चालेल, असं मी तरी म्हणणार नाही. गुळवेलीच्या वेळी तुम्हीच मघाशी काय म्हणालात? दम आहे त्यात बिघडवायचाही दम असणार. आता दुसऱ्याचा माल आणि तुमच्या आजीचा माल, असा न्याय वेगळा नको.

(अण्णा गप्प झाले. वादात कोण जिंकलं हे सांगायची मला हौस नाही, पण गुळवेलीचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस गुटीवर येऊन अडला हे खरं. आणि बाईंनाही मी विचारलं असतं की सर्दीला मोकळीक आणि गुटीला नकार, हे कसं जुळतं. मग लक्षात आलं, उत्तर त्यांच्याच बोलण्यात होतं. सर्दीत मोठा माणूस असतो, त्याचं तो बोलू शकतो. महिन्याचं मूल नुसतं रडतं.)

अण्णा : बरं. काय करू सांगा. गुटी बंद केली तर बाया दुसरीकडनं बाटली आणणार. ती मधाची.

बाई : गुटी मागणाऱ्या प्रत्येकीला विचारा, मूल किती महिन्यांचं. सहाच्या आत असेल तर सांगा, आत्ता नको. आणि पुडीवर छापा : तान्ह्याला ताप आला, दूध ओढत नसेल, शू कमी झाली, श्वास भरभर चालला, तर उगाळत बसायचं नाही, दवाखान्यात.

अण्णा : ताप किती दिवस झाला तर?

बाई : तीन महिन्यांच्या आतलं मूल असेल तर दिवस कसले, त्याच दिवशी. मोठ्या मुलाला तीन दिवस बघू.

अण्णा : लिहून द्या. तुमच्या अक्षरात नको, छापखान्यातला पोरगा वाचू शकत नाही. वेखंड काढतो गुटीतनं. पण जायफळ राहणार.

बाई : जायफळ कशाला? त्यानं मूल बरं होत नाही, झोपतं.

अण्णा : मूल झोपलं की आईला झोप लागते. बाळंतपणाला महिना झाला की सगळे आपापल्या कामाला, रात्री ती एकटी जागी. म्हणून मागतात जायफळ, दुसऱ्या कशासाठी नाही.

बाई : मग रात्रीतले चार तास नवऱ्याला नाहीतर सासूला मूल घ्यायला लावा. मुलाला गुंगी देऊन आईची झोप कशी काढता?

अण्णा : ते बरोबर आहे, बाई. पण ते माझ्या दुकानात मिळत नाही.